ठेवपावतीवरचे दुसरे नाव

आमच्या उंब्रजच्या बाजूला मुलाने बापाला ‘माझ्या नावावर काय काय आहे?’ असे विचारले, की त्याचा अर्थ एकच होतो. पोराला वाटणी हवी आहे. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, आमचे शेजारी गुरुजी माझ्याकडे आले तेव्हा मयताहून आल्यासारखे दिसत होते. फराळाच्या ताटलीला त्यांनी हात लावला नाही.

“साहेब, पोराचा फोन आला होता,” ते म्हणाले. “म्हणतो, आण्णा, माझ्या नावावर तिथं किती ठेवी आहेत, कोणत्या बँकेत आहेत, सगळं लिहून पाठवा. एवढं शिकवून शेवटी हेच ऐकायचं होतं का?”

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मुलगा कराडला इंजिनिअर झाला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला एम.एस. करायला गेला, २०२३ च्या मे महिन्यात पदवी घेऊन तिथेच नोकरीला लागला. त्याच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर गुरुजींची सही आहे आणि त्याचे हप्ते मुलगा तिकडून नियमित भरतो. असा मुलगा एकाएकी वाटणी का मागेल? मी गुरुजींना सांगितले, की तो वाटणी मागत नाही, अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचा कागद भरतो आहे. आणि हे सांगताना मला मनातून थोडे शरमल्यासारखे झाले. कारण त्या ठेवपावत्यांवर मुलाचे नाव लावायचा सल्ला माझाच होता.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना परगावचा पैसा नवा नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक घरातला एक माणूस मुंबईच्या गिरणीत नाहीतर गोदीत असायचा आणि महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास पोस्टमनची वाट पाहिली जायची. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. तो पैसा घरी येई, त्याची विहीर होई, लग्न होई, आणि हिशेब आईच्या डोक्यात राही. सरकारला त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. आता तारळीच्या काठावरची मुले थेट टेक्सास आणि न्यू जर्सीला जातात. अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि पंधरा वर्षांत प्रथमच आपण चीनला मागे टाकले. यातली बरीच मुले शिक्षण संपले की एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचे विषय असतील तर आणखी दोन वर्षे, विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करतात. मग मार्च महिन्यात एच-१बीची निवड होते. वर्षाला ६५ हजार जागा, अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. ज्याचा नंबर लागतो तो १ ऑक्टोबरपासून विद्यार्थी राहत नाही, नोकरदार होतो.

गुरुजींच्या मुलाचा नंबर २०२४ मध्ये लागला. ३० सप्टेंबरच्या रात्री तो विद्यार्थी म्हणून झोपला आणि सकाळी नोकरदार म्हणून उठला. खुर्ची तीच, काम तेच, साहेब तोच. बदलला तो पगार, आणि तोही कमी झाला! महिना सात हजार डॉलर पगार धरला तर हातात पडणारे ५३५ डॉलर गेले. त्या वेळच्या दराने सुमारे ४५ हजार रुपये. गुरुजींना तेव्हाही वाटले होते, की कंपनीने काहीतरी दगाफटका केला.

दगाफटका नव्हता. अमेरिकेत पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि वृद्धापकाळच्या वैद्यकीय योजनेसाठी १.४५ टक्के कापले जातात. विद्यार्थी व्हिसावरचा परदेशी मुलगा, तो करासाठी अनिवासी असेपर्यंत, या कपातीतून सुटतो. एच-१बी लागू झाल्या दिवसापासून सूट संपते. काही कंपन्यांचे पगारपत्रक करणारे कारकून हे विसरतात आणि विद्यार्थी असतानाच कपात करून टाकतात. ती रक्कम आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर सरकारकडे अर्ज करून परत मागता येते. मुलांनी जुन्या पगारपावत्या काढून पाहाव्यात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण कापली जाते तिचे पुढे काय होते, ही खरी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. अमेरिकेचे निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची कपात लागते. एच-१बीची मूळ मुदत आहे सहा वर्षे. ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लागले तर ती वाढते, न लागले तर मुलगा सहा वर्षांनी परत येतो आणि त्याने भरलेला पैसा तिथेच राहतो. जर्मनी, फ्रान्स अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. दोन देशांतील नोकरीची वर्षे एकत्र मोजली जातात. अमेरिकेशी असा करार नाही. भारताने तो वर्षानुवर्षे मागितला आहे. व्हिसाच्या फीवरून आपल्याकडे मथळे झळकतात, पण दर महिन्याला शेकडा साडेसात टक्क्यांहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागते त्याची बातमी होत नाही. मी आयुष्यभर भविष्य निर्वाह निधीच्या पैशावर डोळा ठेवून नोकरी केली, त्यामुळे मला हे जास्तच लागते.

आता विवरणपत्राकडे येऊ. व्हिसा बदलतो एका तारखेला. पण प्राप्तिकर ती तारीख जशीच्या तशी मानत नाही. तिकडचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. परदेशी माणूस करासाठी ‘रहिवासी’ झाला की नाही, हे दिवस मोजून ठरते. चालू वर्षाचे सगळे दिवस, त्यात गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळवायचा. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस भरले, की तो रहिवासी. विद्यार्थी व्हिसावरचे दिवस मात्र पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजायचेच नाहीत. गुरुजींचा मुलगा २०२१ ला गेला. २०२४ हे त्याचे चौथे वर्ष. म्हणजे त्या वर्षीचे मोजायचे दिवस फक्त १ ऑक्टोबरपासून ३१ डिसेंबरपर्यंतचे. ९२. आधीचे सगळे शून्य. तेव्हा नोकरदाराचा व्हिसा खिशात असूनही २०२४ सालापुरता तो अनिवासीच होता आणि त्याने अनिवासी माणसाचा नमुना, १०४०-एनआर, भरायचा होता. सोबत विद्यार्थी म्हणून घालवलेल्या दिवसांचे ८८४३ क्रमांकाचे पान.

इथे मुले हमखास घसरतात. कार्यालयातले अमेरिकी सहकारी बाजारात मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर अर्ध्या तासात कर भरतात, तिच्यावर आपला मुलगाही भरतो. त्यातल्या नावाजलेल्या प्रणालीसुद्धा रहिवाशांसाठी असतात. मग चुकीचा नमुना जातो, रहिवाशांना मिळणाऱ्या सवलती घेतल्या जातात, परतावा मिळतो आणि मुलगा खूश होतो. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी वकील जुनी विवरणपत्रे मागतो, तेव्हा दुरुस्तीची धावपळ. त्यात गंमत अशी, की भारतीय विद्यार्थ्याला एक सवलत हक्काने मिळते, जी बहुतेक इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये झालेल्या भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमाने आपल्या विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट दिली आहे. २०२४ साली ती एकट्या माणसासाठी १४,६०० डॉलर होती. म्हणजे सवलत मिळवण्यासाठी चुकीचा नमुना भरायची गरजही नसते.

वर्षे मोजताना आणखी एक खाच आहे. पाच वर्षे म्हणजे पाच कॅलेंडर वर्षे, आणि वर्षातला एक दिवस जरी विद्यार्थी म्हणून तिथे गेला तरी ते वर्ष संपले. जानेवारीच्या सत्रासाठी जाणारी मुले विमानाचे तिकीट स्वस्त पाहून २८-२९ डिसेंबरला उतरतात. त्या तीन दिवसांत एक अख्खे वर्ष खर्ची पडते! आमच्या बँकेत ३१ मार्चला संध्याकाळी आलेला धनादेश कोणत्या वर्षात धरायचा यावरून जी भांडणे व्हायची, तीच ही जात.

हा १०४० क्रमांकाचा नमुना अमेरिकेतही पुरातन नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या दुरुस्तीने प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला तो फेब्रुवारी १९१३ मध्ये, आणि त्याच सालच्या जुलैत, बडोदे सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन, साताऱ्याच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे कोलंबिया विद्यापीठात सरकारी महसुलावरच प्रबंध लिहिला. असो.

२०२४ चे असे निभावले. २०२५ उजाडले आणि गुरुजींचा मुलगा १ जानेवारीपासून रहिवासी झाला. अनिवासी माणसाला अमेरिका फक्त अमेरिकेतल्या उत्पन्नाबद्दल विचारते, रहिवाशाला साऱ्या जगातल्या. उंब्रजची ठेव त्या कागदावर आली ती इथे.

पहिला प्रश्न असतो साधा: परदेशात तुमचे खाते आहे का? आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षातल्या एका दिवशी जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची माहिती देणारा वेगळा अहवाल अर्थखात्याकडे पाठवायचा. त्याला तिकडे ‘एफबार’ म्हणतात. १० हजार डॉलर म्हणजे पावणेनऊ-नऊ लाख रुपये. अमेरिकेच्या हिशेबात ही रक्कम मोठी असेल. उसाचे चार एकर आणि निवृत्तीचा फंड असलेल्या आमच्या भागातल्या घराला ती फार नाही. गुरुजींचे ग्रॅच्युइटी आणि विक्रीचे मिळून २८ लाख तीन पावत्यांत विभागलेले होते आणि तिन्हींवर दुसरे नाव मुलाचे होते.

अहवालात संयुक्त खाते पूर्ण रकमेने दाखवावे लागते. पैसा बापाचा आहे, मुलाने त्यातला रुपया पाहिलेला नाही, हे सांगून खाते वगळता येत नाही. मात्र यावर कर बसतो असे नाही, आणि गुरुजींना समजवायला मला सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी लागला. पैसा गुरुजींचा, व्याज गुरुजींचे, ते इथल्या विवरणपत्रात दाखवून गुरुजीच कर भरतात. मुलाने फक्त सांगायचे, की असे खाते आहे आणि त्यावर माझे नाव आहे. सांगायला पैसे पडत नाहीत. न सांगायला पडतात. जाणूनबुजून केले नसले तरी दंडाची कमाल मर्यादा मुळात १० हजार डॉलर आहे आणि महागाईप्रमाणे ती वाढत जाते.

हा दंड दर खात्यामागे की दर वर्षाच्या अहवालामागे, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. रुमानियात जन्मलेल्या बिटनर नावाच्या व्यावसायिकाने पाच वर्षे अहवाल दिला नव्हता आणि सरकारने २७२ नोंदी मोजून २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की दंड अहवालामागे धरायचा. रक्कम आली ५० हजारांवर. पाच पावत्या करून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हा निकाल माहीत असावा.

“पण त्यांना कळणार कसं? बँक आपली, पैसा आपला,” गुरुजी म्हणाले. कळते. जुलै २०१५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात खात्यांची माहिती देण्याघेण्याचा करार झाला. तेव्हापासून बँकेत खाते उघडताना ‘करासाठी तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी?’ असा रकाना असलेला कागद भरून घेतात. आपण तो न वाचता सही करून देतो. आम्ही बँकवालेही फुल्या मारून ठेवत असू आणि गिऱ्हाइकाला ‘इथे, इथे आणि इथे’ असे बोट दाखवीत असू. खोटे कशाला बोला!

दुसरे नाव लावायचा सल्ला आम्ही का देत होतो, हेही सांगितले पाहिजे. म्हातारा माणूस गेला, की वारसदारांना बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहील तो’ असे लिहून ठेवले की ते कष्ट वाचत. तीस वर्षे मी हे वाक्य काउंटरवर बसून सांगितले. ते तेव्हा बरोबर होते. त्या दुसऱ्या नावाचा माणूस एक दिवस दुसऱ्या देशाचा करदाता होईल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

आपल्या बाजूचे नियमही याच वेळी जागे होतात. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने शिकायला गेलेला मुलगा अनिवासीच धरायचा, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच केला आहे. म्हणजे गुरुजींच्या मुलाचे कॉलेजात असताना उघडलेले बचत खाते २०२१ लाच अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, व्हायला हवे होते. चार वर्षे कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. ते तसे झाले, की व्याजावर ३० टक्के कर आणि वर उपकर मुळातच कापला जातो. इथले त्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर इथे विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. वडिलांच्या निवासी खात्यावर जवळचा नातेवाईक म्हणून अनिवासी मुलाचे नाव राहू शकते, त्याला रिझर्व्ह बँकेची काही अटींवर परवानगी आहे. तेवढ्यापुरते गुरुजी निर्धास्त.

खरा घोळ होतो तो आपण ज्याला ‘करमुक्त’ म्हणतो त्यात. पीपीएफचे व्याज इथे करमुक्त, अमेरिकेत ती सूट नाही. अनिवासींच्या एनआरई ठेवीचे व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. मुलाच्या नावावर कोणी हौसेने म्युच्युअल फंड चालू ठेवला असेल तर त्याचे अमेरिकी नियम इतके जाचक आहेत, की कर सल्लागाराची फी नफ्याहून जास्त व्हावी. आणि शेती! शेतीचे उत्पन्न करमुक्त ही आपल्याला जन्मजात गोष्ट वाटते. सातबारावर नुसते नाव असल्याने अहवाल द्यावा लागत नाही. पण कारखान्याचे ऊसबिल मुलाच्या नावे निघत असेल, तर ते त्याचे जगातल्या उत्पन्नापैकी एक उत्पन्न आहे. पलीकडच्या साहेबाला बागायत आणि जिरायत सारखेच.

अमेरिकाच तेवढी कडक, असे मानायचे कारण नाही. २०१५ च्या आपल्या काळ्या पैशाच्या कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवणाऱ्या रहिवाशाला १० लाख रुपये दंड आहे. स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट मिळाली, एवढेच. हाच मुलगा उद्या परत येऊन इथला पक्का रहिवासी झाला, की तिकडची खाती इकडे दाखवायची पाळी त्याच्यावर येईल.

मुलाला हे सगळे त्याच दिवाळीत सुचावे, यालाही कारण होते. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर भरण्याची घोषणा केली आणि त्या शनिवार-रविवारी आपल्या किती घरांत झोप लागली नसेल! महिन्याभराने खुलासा आला, की अमेरिकेतच राहून विद्यार्थ्याचा नोकरदार होणाऱ्याला ती रक्कम नाही. गुरुजींच्या मुलाचा व्हिसा तर आधीचाच. पण माणूस घाबरला की कागद आवरायला घेतो. शिवाय पैसे पाठवण्यावर १ टक्का कर लागणार अशीही चर्चा होती. तो १ जानेवारी २०२६ पासूनचा, आणि रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन पाठवणाऱ्यांना. बँक खात्यातून पाठवणाऱ्याला नाही. म्हणजे कर्जाच्या हप्त्याला धक्का नव्हता.

गुरुजींशी बोलताना मला वाटत राहिले, की या सगळ्यातले अवघड काम अमेरिकेतले नाहीच. दिवस मोजता येतात, नमुने भरून देणारे सल्लागार मिळतात. अवघड आहे ते बापाने मुलाला घरातला पैसा सांगणे. आपल्याकडे ठेव ही लपवायची वस्तू आहे. मुलाला कळले तर तो आळशी होईल, सुनेला कळले तर माहेरी कळेल, भावाला कळले तर तो उसने मागेल. कपाटाच्या आतल्या कप्प्यात साड्यांच्या घडीखाली पावत्या असतात आणि ज्याचे नाव त्यांवर आहे त्यालाच ते ठाऊक नसते. त्या मुलाने आता ‘माझी माहिती पूर्ण व खरी आहे’ अशी शपथेवर सही करायची आहे. त्याला आपण काय स्थितीत ढकलतो आहोत? आणि उद्या त्याचे लग्न होऊन सून तिकडे गेली, की तिच्या बापाने तिच्या नावे ठेवलेल्या पावत्याही पुढच्या वर्षी याच चौकटीत येतील.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी वहीत यादी केली. बँक, शाखा, खाते क्रमांक, २०२५ मधली सर्वांत मोठी शिल्लक. १ नोव्हेंबरपासून ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येणार होते. पावत्यांची मुदत पुरी होईल तशी मुलाचे दुसरे नाव काढून नुसते नामनिर्देशन ठेवायचे, असे मी सुचवले. गुरुजी बराच वेळ गप्प होते. “नाव काढलं तर त्याला काय वाटेल?” त्यांनी विचारले. सकाळी मुलगा वाटणी मागतो म्हणून आलेला माणूस हाच. मी म्हटले, आधी फोन करून सांगा आणि मगच काढा.

संध्याकाळी यादी पुरी करून मी त्यांच्या घरी गेलो. फोन झालेला होता, गुरुजींचा चेहरा उतरलेला नव्हता. चहा झाला. मी उठलो तेव्हा वहिनी आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि गुरुजींकडे न पाहता माझ्यासमोर ठेवली. गावातल्या पतसंस्थेच्या दोन पावत्या. दुधाच्या आणि भिशीच्या पैशातून केलेल्या, पहिले नाव त्यांचे, दुसरे मुलाचे. गुरुजींना त्यातले काही माहीत नव्हते.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “ह्या बी ल्याहाव्या लागत्याल का?”

मी पुन्हा खाली बसलो आणि वही उघडली.